गाठोडे

घरातल्या घरात वस्तू कशीही ठेवली तरी चालते. हळदीचा डबा कोणत्या फळीवर, आजीची जपमाळ कोणत्या खुंटीला आणि विजेचे बिल कोणत्या देवाच्या तसबिरीमागे, हे घरच्या माणसांना ठाऊक असते आणि तेवढे पुरते. पंचाईत होते ती एखादी वस्तू परगावी पाठवायची वेळ आली म्हणजे. मग फडके शोधा, सुतळी शोधा, 'ही बाजू वर' असे ठळक अक्षरांत लिहा. आणि एवढे करूनही पलीकडचा माणूस नेमकी खालचीच बाजू फोडणार, हे मनाशी धरून चाला.

गेल्या काही वर्षांत माझा पुष्कळसा वेळ अशा बांधाबांधीत गेला आहे. गाठोडी कापडाची नव्हेत, आकड्यांची. साताऱ्यात माझा संगणक आहे, सांगलीत माझ्या भाच्याचा, आणि मध्ये कृष्णा आहे. ती कसलेही गाठोडे न बांधता महाबळेश्वरापासून मिळेल ते घेऊन निघते. वाईचे घाट ओलांडते, माहुलीला वेण्णेला पोटात घेते, कऱ्हाडला कोयनेला गळामिठी मारते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला भेटते. साताऱ्याच्या डोंगरात पडलेला पाऊस सांगलीच्या उंबऱ्यावर पोचवायला तिला कुणाचा पत्ता विचारावा लागत नाही. तिच्या आधी त्या पावसाची बातमी पोचावी, एवढाच आमचा मामा-भाच्याचा खटाटोप.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथे ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ फूट ही धोक्याची. माझी थोरली बहीण नदीपासून फारशी लांब राहत नाही. अक्काने त्या दिवशी तांदळाचा डबा, शिलाईचे यंत्र आणि लग्नाचे फोटो कपाटावर चढवले. मागाहून पाणीही कपाटावर चढले. पूर ओसरल्यावर फोटो अंगणात वाळत घातले, तेव्हा त्यांत मांडव होता, पाट होते, मागची केळीची खांबे होती. चेहरे तेवढे धुऊन गेले होते. अक्का म्हणाली, "अर्धा दिवस आधी कळते तर निदान वरच्या मजल्यावर तरी नेले असते." त्या अर्ध्या दिवसासाठी हे सगळे सुरू झाले.

माझ्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. महाबळेश्वर, वाई, पाटण इथे माझ्यासारखेच दोन-चार रिकामटेकडे मित्र आहेत. तेही सकाळी भांडे मोजतात आणि आकडा कळवतात. त्याला धरणांतून सोडलेल्या पाण्याचे जाहीर आकडे जोडायचे, आणि सगळे मिळून सांगलीला पाठवायचे. तिथे भाच्याने अक्काच्या गल्लीपुरते एक पान तयार केले आहे. ते मोबाइलवर उघडले की कुठे किती पाऊस झाला आणि पुलापाशी पाणी किती, हे दिसते. "त्यापेक्षा फोन का करत नाहीस?" असे अक्काने विचारलेच. फोन मी करतोच. पण पहाटे तीन वाजता गल्लीतल्या साऱ्या बिऱ्हाडांना फोन करणारा मामा अजून कुणी पाहिला नाही.

आता अडचण अशी की माझा प्रोग्राम पायथन भाषेतला आणि भाच्याचा पीएचपीतला. पायथन हे नाव ऐकून पुष्कळांना अजगर आठवतो. वास्तविक १९९१ मध्ये ही भाषा लोकांपुढे मांडणाऱ्या खिडो फान रॉसुम या डच गृहस्थाने ते नाव ब्रिटिश विनोदवीरांच्या एका दूरदर्शन कार्यक्रमावरून घेतले. पीएचपी १९९५ ची. रॅस्मस लेरडॉर्फ याने ती आपल्या स्वतःच्या पानासाठी केली आणि मग निम्म्या जगाने ती आपल्या पानांसाठी उचलली. भाच्याच्या दुकानाचे पान तिच्यातलेच होते, म्हणून गल्लीचेही तिच्यातच झाले. दोन्ही भाषा गुणी आहेत. पण एकीची घडी दुसरीला उलगडत नाही.

ही घडी म्हणजे काय, ते जुन्या वाड्याच्या उदाहरणाने सांगतो. प्रोग्रामच्या पोटात माहिती वाड्यासारखी उभी असते. चौकाभोवती सोपे, सोप्यात खोल्या, खोलीत कोनाडे. 'पाटण' या खोलीत 'मंगळवार' हा कोनाडा आणि त्यात ८४ हा आकडा. तारेतून मात्र वाडा जात नाही. तिथून एकामागे एक अशी अक्षरेच जाऊ शकतात, बैलगाड्यांच्या रांगेसारखी. मग वाडा उतरवायचा, प्रत्येक तुळईवर, खांबावर, चौकटीवर खूण घालायची, एकेक नग गाडीवर चढवायचा, आणि पलीकडच्या सुताराने खुणा वाचून तोच वाडा पुन्हा उभा करायचा. संगणकवाले याला 'सिरिअलायझेशन' म्हणतात. मी गाठोडे म्हणतो.

पायथनच्या घरी या गाठोड्याचे नाव फार खुसखुशीत आहे: 'पिकल', म्हणजे लोणचे. माहिती मुरवून बरणीत घालावी आणि हवी तेव्हा जशीच्या तशी काढावी, ही कल्पना. आमच्या घरी लोणचे हा थट्टेचा विषय नसल्यामुळे मला ते नाव पहिल्यापासून पटले. पण लोणच्याचा एक स्वभाव असतो. ज्या घरी घातले त्या घरच्यालाच त्याची खोडी ठाऊक. पायथनची बरणी पीएचपीच्या हाती दिली, तर तिला आतले काही म्हणजे काही समजत नाही. शिवाय ही बरणी अनोळखी माणसाकडून घेऊ नये, असे पायथनचे कर्तेच बजावून सांगतात. कारण आत नुसती फोड नसते, हुकूमही असू शकतो, आणि झाकण उघडताक्षणी तो बजावला जातो. मिठाईचे पेटारे न उघडता सोडण्याचा परिणाम काय होतो, ते १६६६ मध्ये आग्र्याच्या पहारेकऱ्यांना कळले. इथे पेटारा उघडण्यात धोका आहे, एवढाच फरक.

पीएचपीचे गाठोडे उघडे-वाघडे असते. डोळ्यांनी वाचता येते. ती प्रत्येक शब्दाआधी त्याची लांबी लिहिते. सातारा बांधायचा असेल तर आधी 'हा शब्द आहे' अशी खूण, मग १८ हा आकडा आणि मग अवतरणात 'सातारा'. पहिल्यांदा ते १८ पाहिले तेव्हा मी चष्मा पुसला. सातारा या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले पोरही तीन सांगेल. पायथनला विचारले तर तो सहा म्हणतो. कारण त्याच्या लेखी स वेगळा आणि त्याचा काना वेगळा. पीएचपी अठरा म्हणते. कारण ती अक्षरे मोजतच नाही, जागा मोजते, आणि युनिकोडच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. तीन, सहा आणि अठरा. तिघेही खरे, आणि भांडण लावून द्यायला एवढे पुरते.

यात एक गंमत निघाली. सांगली हा शब्द मांडून पाहिला, तर स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. पुन्हा सहा आणि पुन्हा अठरा! बांधलेल्या गाठोड्यात सातारा खोडून सांगली लिहिले तरी पीएचपीला काडीचा संशय येत नाही. पण तिथे मिरज घालून पाहा. चार चिन्हे, बारा बाइट. गाठोडे जागच्या जागी फुटते. सातारा थोर की सांगली, या आमच्या घरातल्या जुन्या वादाचा निकाल निदान वजनकाट्यावर तरी बरोबरीचा लागला. मिरजकरांनी रागावू नये.

मिरजेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या स्टेशनाची आठवण देतो. पुणे–मिरज लोहमार्ग पूर्वी मीटरगेज होता. १९७० च्या दशकात तो रुंद झाला. त्यानंतरही कित्येक वर्षे मिरजेला तीन वेगवेगळ्या रुंदींचे रूळ येऊन भिडत. बंगळूरकडचे मीटरगेज, कुर्डुवाडीकडची ती चिमुकली नॅरोगेज, आणि पुण्याकडचे ब्रॉडगेज. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चढत नसे. मग हमाल यायचे. पोते पाठीवर घेऊन या डब्यातून त्या डब्यात टाकायचे. डबा पुढे जायचा नाही, माल जायचा. माझे लोणचे किंवा भाच्याचे अठराचे गाठोडे म्हणजे सबंध डबाच पुढे ढकलण्याचा आग्रह होता. हवे होते साधे पोते, दोन्हींकडच्या हमालांना उचलता येईल असे.

असे पोते जगात आहे; त्याचे नाव जेसन. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकनाने या शतकाच्या आरंभी ते प्रचारात आणले. आपण ते शोधून काढले नाही, होतेच ते नजरेस आले, असे तो म्हणतो. आणि इतक्या साध्या वस्तूबद्दल असे म्हणणे शोभतेही. जेसनला जिन्नस थोडेच ठाऊक: शब्द, आकडा, खरे-खोटे, रिकामे, यादी आणि नावनिशीवार नोंद. एवढ्यात जे मावेल ते पाठवा, बाकीचे घरी ठेवा. पायथनलाही ते समजते, पीएचपीलाही. उद्या भाच्याने तिसरी भाषा धरली तरी तिलाही समजेल. ते कुणाचेच माहेर नाही, म्हणून सगळ्यांना चालते. पहिले पोते मी मोबाइलवरून अक्काला दाखवले, तर तीत सातारा कुठे दिसेना. स च्या जागी ०९३८, त च्या जागी ०९२४, र च्या जागी ०९३० असे युनिकोडचे आकडे. अक्का म्हणाली, "ही पत्रिका कुणाची?"

पण पोत्याचे तोंड लहान. बारीकसारीक गळतेच. पायथनमध्ये एक शिक्कामोर्तब केलेली यादी असते, तिच्यात मागून फेरफार करता येत नाही. जेसनला शिक्का ठाऊक नाही. जाऊन परत आली की ती साधी यादी झालेली असते. तारीख हा जिन्नसही जेसनकडे नाही. ती शब्द म्हणून लिहावी लागते. मला यात माझ्या आजोबांची पत्रे आठवतात. ती मोडीत होती. मोडीचा लेखक हात न उचलता झरझर लिहितो, शब्द तोडत बसत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करत नाही. बालबोधीतला 'दिन' आणि 'दीन' मोडीत गेले की एकच. 'सुत' आणि 'सूत'ही एकच. परत बालबोधीत आणताना कोणता घ्यायचा, हे वाचणाऱ्याच्या अकलेवर. आजोबांच्या एका पत्रात सांगलीहून सुत आला की सूत आले, यावर माझ्या वडिलांनी आणि काकांनी एक सबंध दुपार घालवली होती. मोडीला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिने राज्याचा कारभार चालवला. वाचणाराच घरचा असल्यावर हिशेब ठेवायला ती पुरेशी होती.

भाच्याकडून येणाऱ्या पोत्यांचीही एक तऱ्हा होती. तो मला पुलापाशीचे पाणी तासातासाने पाठवी. पीएचपीच्या यादीतून मधला एक आकडा काढला की बाकीचे आपापले जुने क्रमांक सोडत नाहीत. रांगेतला तिसरा निघून गेला तरी चौथा स्वतःला चौथाच म्हणवतो. मग जेसन म्हणतो, ही रांगच नव्हे, ही नावनिशीवार नोंद. आणि माझ्या पायथनला यादीऐवजी भलतेच बाड मिळते. क्रमांक नव्याने लावून घेतले की हे मिटते. असल्या गोष्टी चहाच्या दोन कपांत सुटतात. जे सहज सुटले नाही, ते निराळेच होते.

ते म्हणजे शून्य. आपल्या देशाने जगाला शून्य दिले, असे आपण अभिमानाने सांगतो. पण शून्य आणि रिकामे यांत अंतर आहे, हे पोरांना सांगायचे राहून जाते. 'पाऊस पडला नाही' ही एक बातमी आहे. 'पाऊस किती पडला ते कळले नाही' ही दुसरी. माझ्या वहीत पहिलीला मी ० लिहितो आणि दुसरीला जागा कोरी ठेवतो. पायथनमध्ये या कोऱ्या जागेला 'नॅन' म्हणून एक चिन्ह आहे. अर्थ असा की हा आकडाच नव्हे. पायथन ते बेधडक पोत्यात भरतो. पण जेसनच्या नियमांत नॅन बसत नाही, आणि पीएचपी नियमाची पक्की. एका नॅनसाठी ती सबंध पोते नाकारते. बरे, नॅनऐवजी जेसनला मान्य असलेला 'नल' पाठवावा, तर पोते पोचते. हा नल दमयंतीचा नव्हे. पण तोही रानात रात्रीतून काही न सांगता निघून गेला होता, तेव्हा नाव अगदीच अस्थानी नाही. पायथनच्या हाती नल दिला आणि बेरीज करायला सांगितली तर तो चिडतो, काम टाकून उठतो. पीएचपी भिडस्त. ती नल पाहते आणि मुकाट्याने शून्य धरून बेरीज पुढे नेते.

२०२१ च्या जुलैची २२ तारीख उलटून २३ उजाडली, त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. जवळजवळ दोन फूट पाणी, एका दिवसात. ही गोष्ट नंतर कळली. त्या सकाळी तिथली वीज गेली होती, फोन लागत नव्हता, आणि माझ्या मित्राचा आकडा आला नाही. माझ्याकडे जागा कोरी राहिली; प्रोग्रामने ती नल म्हणून बांधली; सांगलीत गाठोडे सुखरूप पोचले; आणि गल्लीच्या पानावर उमटले: महाबळेश्वर, ० मिलिमीटर. शून्याला भाच्याच्या पानावर हिरवा रंग होता.

दोन्ही प्रोग्राम आपापल्या घरी बरोबर होते. साताऱ्यात कुणी खोटे लिहिले नव्हते, सांगलीत कुणी खोटे वाचले नव्हते. वाटेत फक्त 'ठाऊक नाही'चे 'नाही' झाले होते. आणि हे होते ते नेमके भलत्या दिवशी. आकडा हरवतो तो उन्हाळ्यात नव्हे. ज्या दिवशी वारा तारा तोडतो, रस्ता खचतो, भांडे मोजायला बाहेर पडणे मुश्कील होते, त्या दिवशी हरवतो. ज्या गावावर आभाळ फाटले तेच गाव सर्वांत आधी मुके होते. पानावरचा सर्वांत निर्धास्त हिरवा रंग सर्वांत भयंकर पावसावर चढावा, अशी ती रचना होती.

अक्काने पान पाहिले. तिला पायथन ठाऊक नाही, पीएचपी ठाऊक नाही. तिचा फोन आला: "अरे, आषाढात महाबळेश्वरला शून्य पाऊस? सूर्य पश्चिमेला उगवला का रे?" मी काही सांगायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे तिथे सांगायलासुद्धा माणूस उरला नाही. मी सामान वर नेते." तिने शेजारच्या मुलांना हाका मारल्या, आणि दुपारपर्यंत तांदूळ, यंत्र, गॅसची टाकी, देव आणि तो धुऊन गेलेल्या चेहऱ्यांचा आल्बम, सगळे वरच्या मजल्यावर गेले. पुढच्या दोन दिवसांत पुलापाशी पाण्याने धोक्याची खूण केव्हाच मागे टाकली. तळमजल्यात पाणी आले. त्याला तिथे भिजवण्यासारखे फारसे काही सापडले नाही.

पाणी उतरल्यावर भाचा साताऱ्याला आला आणि आम्ही दोघे माडीवर बसून गाठोड्याची घडी नव्याने ठरवली. आता पावसाचा आकडा एकटा प्रवास करत नाही. त्याच्यासोबत ठिकाण असते, मोजल्याची तारीख आणि वेळ असते, मिलिमीटर हा शब्द स्पष्ट लिहिलेला असतो, आणि शेवटी एक शेरा. शेरे तीनच. 'मोजले', 'मोजले नाही' आणि 'भांडे भरून वाहिले'. तिसरा भाच्याला पहिल्यांदा हास्यास्पद वाटला. पण भांडे ओसंडले म्हणजे आत उरलेला आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. 'निदान इतका तरी' एवढेच तो सांगू शकतो. जुने कारकून वहीच्या कडेला शेऱ्याचे घर उगाच आखत नसत, हे तेव्हा त्याला पटले. शेरा वाचल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही, असे त्याने पीएचपीला सक्त सांगितले. अनोळखी शेरा आला तर गप्प बसायचे नाही, ओरडायचे, हेही सांगितले.

पानावर आता कोऱ्या जागी तांबडी रेघ येते आणि पुढे 'नोंद नाही' असे शब्द. भाच्याने ती रेघ सगळ्या आकड्यांच्या वर आणून ठेवली आहे. अक्का पावसाळ्यात सकाळी उठून पान उघडते, ते आकडे वाचायला नाही. रेघ कुठे आहे ते पाहायला. मध्यंतरी एका पावसाळ्यात पाटणपुढे दोन दिवस रेघ राहिली, तेव्हा तिने भाच्याला माळ्यावरची शिडी काढायला लावली आणि तांदळाचा डबा अर्ध्या वाटेपर्यंत नेलाही. तिसऱ्या दिवशी पाटणच्या मित्राचा निरोप आला: पाऊस बेताचाच आहे, पण मोबाइल पर्जन्यमापकात पडला.